बावीस तासांचा दिवस

३ मार्च १९९७, सोमवार

पंधरा नंबरची मादी शनिवारी व्याली. सहा पिल्लं. काल रविवार असूनही मुद्दाम बेलापूरला येऊन मी मोजली, सहाच्या सहा होती. आज सकाळी नऊला पेटीचं झाकण उघडलं तर एकही नाही. तुसात थोडं रक्त आणि एक शेपटी. आईनंच खाल्ली.

लॅबच्या वहीत ‘सर्व पिल्ले मृत’ एवढंच लिहायचं असतं. तिथे राग लिहायला रकाना नाही. घरी सुभाष म्हणतो, ऑफिस गेटवर ठेवून येत जा. मग राग कुठे ठेवायचा? म्हणून ही वही.

पंधरा नंबर ही साधी उंदरीण नाही. पूर्ण अंधारात ठेवलं की आमचे सगळे उंदीर साडेतेवीस तासांनी उठतात आणि पेटीतल्या चाकावर पळू लागतात. चाक फिरलं की कागदावर पेन चालतं, त्यामुळे कोण कधी उठलं ते दिसतं. ही बया दर बावीस तासांनी उठते. सात महिने पाहते आहे, एकदाही चुकलेली नाही. हिचा दिवसच बावीस तासांचा. हे घड्याळ हिला रक्तातून आलेलं आहे आणि एकाच जीनमुळे आलेलं आहे, असं माझं म्हणणं. ते सिद्ध करायचं तर हिची नातवंडं लागतात. चारात एक नातवंड बावीस तासांचं निघालं की जिंकले.

डायरेक्टरसाहेबांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे. इन्स्टिट्यूटमध्ये अंधारी खोली एकच. सिद्ध झालं तर ती माझ्याकडे राहील, नाही तर शेजारच्या लॅबच्या नंदकिशोर सबनीसला मिळेल. त्याला तिथे उजेडात बिघडणारी औषधं ठेवायची आहेत. माझ्या तेरा वर्षांच्या कामाच्या जागी बाटल्या!

उंदरांचं खाणं-पिणं बघणाऱ्या विमलबाई पेटी साफ करताना म्हणाल्या, “मॅडम, व्यालेलीला दोन दिस हात लावू नये. मानसाचा वास लागला का ती बिथरते न् पोरं खाते.”

म्हटलं, मला शिकवू नका. पहिल्या दिवसापासूनचा आकडा नसेल तर ते विज्ञान नाही, गोठा आहे.

४ मार्च, मंगळवार

नियम केला. यापुढे पिल्लं मेली की विमलबाईंनी लेखी खुलासा द्यायचा. काय घडलं, का घडलं, खाली सही. मजकूर मीच लिहिते, त्यांना सहीपुरतं लिहिता येतं. पंधरा नंबरबद्दलचा आजच घेतला. “कारण: देखभालीत हलगर्जी.” लगेच सही केली त्यांनी. काय लिहिलंय ते न विचारता.

त्यांच्या फायलीत मागच्या वर्षीचा एक खुलासा आहे, हा दुसरा. तिसरा लागला की कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव जातं. बाई जासईच्या. शेत सरकारनं घेतलं, त्याबदल्यात नोकरीचा दाखला मिळाला, आणि त्या दाखल्यावर सात वर्षं रोजंदारी. तेव्हा तिसऱ्या खुलाशाचा धाक पुरेसा आहे. आपल्याकडे दंडुक्याशिवाय काम होत नाही, हे मी आता मान्य केलं आहे.

२८ मार्च, शुक्रवार

होळीला सातारला गेले होते ती आज परतले. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे मुक्काम लांबला. सारखं मन इकडेच.

पंधरा नंबर सोमवारी व्याली. पाच पिल्लं आणि पाचही जिवंत! लठ्ठ, पोटात दूध दिसतंय. एका खुलाशात एवढा फरक. हे आधीच करायला हवं होतं.

१६ जून, सोमवार

पाचही मोठी झाली, चाकावर पळाली. पाचही साडेतेवीस तासांची. सबनीस व्हरांड्यात भेटला तर म्हणतो, “काय मॅडम, आईचं घड्याळ पोरांनी घेतलं नाही म्हणे?” चेहऱ्यावर काय आनंद! त्याला मेंडेल कधी कळला नाही आणि कळणारही नाही. आईचा गुण पहिल्या पिढीत झाकून राहतो आणि नातवंडांत वर येतो. असंच व्हायला हवं होतं. त्याला काहीच बोलले नाही. डिसेंबरमध्ये बोलेन.

आता या पाचांच्या आपसात जोड्या लावायच्या. दोन नर, तीन माद्या.

२८ जुलै, सोमवार

चार बाळंतपणं झाली. एकूण अठ्ठावीस पिल्लं. मी रोज सकाळी नऊला प्रत्येक पेटी उघडून मोजते, पहिल्या दिवसापासून. एकही मेलेलं नाही. एकही! मार्चपूर्वी दर दुसऱ्या बाळंतपणात काहीतरी व्हायचं. डायरेक्टरसाहेबांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, इतर लॅबमध्येही ही खुलाशाची पद्धत लावू या. मला बरं वाटलं हे कबूल करते.

विमलबाई हल्ली सात वाजताच येतात, माझ्या दोन तास आधी. उरणची पहिली एस.टी. धरत असणार. कामाची गोडी लागली की माणूस आपोआप लवकर येतो. मात्र चेहरा उतरलेला असतो. विचारलं तर “काय नाय मॅडम.”

४ ऑगस्ट, सोमवार

सबनीस भांडायला आला. त्याच्या काळ्या उंदरांची पिल्लं कमी होत आहेत म्हणे. “दहा जन्मली तर दुसऱ्या दिवशी सहा. माझ्या बाजूला फक्त तुमची बाई येते-जाते.”

म्हटलं, “तुमचे उंदीर तुमच्या विषावर वाढतात. पिल्लं टिकत नाहीत याचं मला नवल नाही.”

“मग तुमचीच बरी टिकतात?”

“शिस्त लागते त्याला.”

पाय आपटत गेला. चोराच्या उलट्या बोंबा. विमलबाई तिथेच पाण्याच्या बाटल्या धूत होत्या. एक फोडली त्यांनी. काच तशीच हातानं गोळा करू लागल्या. सबनीसनं त्यांचं नाव घेतलं म्हणून घाबरल्या असणार. मी सांगितलं, घाबरू नका, मी आहे.

रात्री जेवताना सुभाषला ही गंमत सांगितली. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत पत्रे आठवतात. म्हणाला, “आमच्या शेटनं गंजलेल्या पत्र्यामागे हमालांचा दंड लावला होता. आठवड्यात यार्डात एक गंजका पत्रा दिसेना. शेट खूश. पावसाळ्यानंतर पत्रे उचलले तर सगळा गंज खालच्या बाजूला. उलटे करून ठेवले होते.”

म्हटलं, तुझं लोखंड आणि माझे उंदीर यांत काही फरक आहे की नाही? तो भात कालवत बसला.

२९ सप्टेंबर, सोमवार

नऊ बाळंतपणं, बासष्ट नातवंडं. आज शेवटच्यांचे कागद पूर्ण झाले. बासष्टात बावीस तासांची किती? सात.

सात! पंधरा-सोळा हवी होती. पुन्हा मोजलं, पट्टी लावून मोजलं. जी सात आहेत ती चोख बावीस तासांची आहेत, मधलं-अधलं काही नाही. पण चारात एक नाही, नवात एक आहे. या आकड्याला कुठल्याही पुस्तकात जागा नाही. दोन जीन धरले तर सोळात एक येतो, तोही बसत नाही.

अमेरिकेत एका उंदराचं असंच घड्याळ तीन वर्षांपूर्वी सापडलं आणि यंदा तर त्यांनी नेमका जीनही हुडकला. ते छापून आलेला जर्नलचा अंक बोटीनं येऊन गेल्या महिन्यात पोचला. मी तो अंक टेबलाच्या खणात पालथा ठेवला आहे. माझ्याकडे असला उंदीर आहे हे मला दिसतं, आणि मला बेरीज जमत नाही.

आज खरं लिहिते. भीती वाटते आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

रडत बसून काय होणार? पंधरा नंबर पांढरी, तिचा नर काळा, त्यामुळे नातवंडांत दोन्ही रंग; त्या सातांत दोन पांढरे आहेत, भाऊ-बहीण. त्यांची जोडी लावली. दोघंही बावीस तासांची, म्हणजे पोरंही सगळी बावीस तासांचीच व्हायला हवीत. एवढं एक जरी चोख आलं तरी डिसेंबरमध्ये तोंड दाखवता येईल.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. पांढऱ्या जोडीची पिल्लं आता नऊ दिवसांची, अंगावर केस आले आहेत. सात पिल्लं. पाच पांढरी.

दोन काळी.

पांढऱ्या आई-बापांना काळं पिल्लू होत नाही. होऊच शकत नाही. अकरावीच्या मुलाला विचारा. जन्मतः सगळी सारखीच गुलाबी असतात, आणि डोळ्यांतला काळा ठिपका आमच्या तांबड्या बल्बखाली कळत नाही, म्हणून नऊ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे ही दोन बाहेरून आणून घातलेली आहेत. माझ्या पेट्यांत कुणीतरी हात घालतं आहे! आणि मग बासष्टातली किती बाहेरची? म्हणून आकडा बिघडला. मी वेडी नाही, माझा उंदीर खोटा नाही. खोटारडा माणूस आहे.

काळे उंदीर कोणाकडे आहेत? ही खोली कोणाला हवी आहे?

४ नोव्हेंबर, मंगळवार

सबनीसच्या लॅबमध्ये जाऊन त्याच्या माणसांसमोर बोलले. सगळं बोलले. तो आधी हसला, मग पांढरा पडला.

“माझी पिल्लं चोरीला जातात म्हणून मी तीन महिने ओरडतोय, आणि ती तुमच्याच पेटीत निघाली तर चोर मी?”

“कामगिरी फत्ते झाल्यावर ओरडायला काय जातं?”

“डोकं तपासून घ्या, मॅडम.”

लेखी तक्रार दिली. चार पानं. विमलबाईंना साक्षीदार म्हणून घातलं आहे. त्यांना सांगितलं तर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “माजा नाव कनाला, मॅडम? मना नको त्यात.” या लोकांना साहेबांसमोर उभं राहायची इतकी धास्ती!

१० नोव्हेंबर, सोमवार

चौकशी झाली. सबनीसनं त्याची वही आणली होती. जुलैपासून त्याची चौतीस पिल्लं कमी आहेत. मी म्हटलं, वही तुमच्याच हातची आहे.

विमलबाईंना विचारलं, सबनीससाहेब अंधाऱ्या खोलीत जाताना कधी पाहिले का? खाली बघत म्हणाल्या, “मना काय म्हाईत नाय, साहेब.” नाही म्हणाल्या नाहीत, एवढं मला पुरे.

डायरेक्टरसाहेबांनी निकाल दिला नाही, पण सबनीसचे सगळे उंदीर पलीकडच्या इमारतीत हलवायला सांगितले. माझ्या मजल्याला कुलूप. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक विमलबाईंकडे. जाताना सबनीस म्हणाला, “आता तरी टिकतायत का बघा तुमची.”

टिकतील. आता कोण हात लावतो बघतेच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी येताच ही वही उघडली.

पांढरी मादी काल पुन्हा व्याली. मी नेहमीप्रमाणे मोजली, आठ. आज नऊला गेले तर विमलबाई पेटी छातीशी धरून मधोमध उभ्या. आत नुसतं तूस. सगळी खाल्लेली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. खुलाशाचा फॉर्म ओढला, तिसरा. तर ती बाई पेटीकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

“आता कुटून आनू? त्या साहेबाचं उंदीर तर पल्याड नेलं.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

“तुम्ही? तुम्ही आणून घालत होतात?”

“मग काय करू? दोन कागद जालेत माजे. तिसरा जाला का घरी.” आणि मग सात वर्षांत जेवढं बोलल्या नसतील तेवढं एका दमात बोलल्या. “सकाली सातला यायची. मेलेली असली का त्या साहेबाची दोन-चार उचलायची, हिच्याच तुसात घोलवायची, मंग ती आपली म्हून घेते. पोरांना दूद मिलायचा. कुनाचा वाईट केला मी? आन् खाते कनाला ती? तुमी रोज झाकन उघरता म्हून! मी पयल्याच दिसाला सांगतला व्हता. होलीला तुमी नव्हता तवा एक तरी मेला का? मेली तर सही माजी. जगली तर नाव तुमचा.”

मी म्हटलं, “बाहेर जा.” त्या गेल्या नाहीत. पेटी धुवायला लागल्या. मग मीच बाहेर गेले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

होळी. ती पाच पिल्लं. मी सातारला होते. वही काढून पाहिलं. मार्चपूर्वीचीही पानं काढली. मी रजेवर असताना झालेली बाळंतपणं सहा, त्यांत एकही पिल्लू मेलेलं नाही. सहा पानं माझ्याच अक्षरात आहेत आणि मला ती कधी दिसली नाहीत.

तरीही राग आहे. अजून आहे. सांगितलं असतं तर? एकदा मोठ्यानं सांगितलं असतं तर?

मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी मी खुलासा घेतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फॉर्म भरला नाही, खणात ठेवला. आधी माहिती हवी. विमलबाईंना विचारलं, कुठली पिल्लं बाहेरची, काही आठवतं का?

“काही म्हंजे? सगली.”

पालथ्या बादलीवर बसल्या. मी एकेक पेटी पुढे ठेवत गेले. उंदीर शेपटीला धरून उचलायचा, एक नजर टाकायची. “यो साहेबाचा. यो आपला. ही आपली, पन हिच्या तीन बहिनी मेल्या. ही पेटी अख्खी साहेबाची.” न अडखळता बासष्ट. दीड तास लागला. मी पेन्सिलीनं खुणा केल्या. परीक्षा म्हणून मधल्या पाच पेट्या पुन्हा फिरवून पुढे ठेवल्या. पाचही उत्तरं तीच. शेवटी म्हणाल्या, “फशिवता काय मना?”

बाहेरची बत्तीस. पांढऱ्या जोडीतली दोन काळी धरून चौतीस. सबनीसच्या वहीत तोच आकडा होता.

मग दार लावून मी चाकांचे कागद काढले. ते कागद विमलबाईंनी कधी पाहिलेले नाहीत, पाहिले तरी त्यांतलं काही कळणार नाही. बाहेरच्या बत्तिसांत बावीस तासांचं एकही नाही. खरी नातवंडं तीस. त्यांत बावीस तासांची सात.

तिसांत सात. चारात एक! मी खुर्चीवरून उठून खोलीत एकटीच हसत होते. माझं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तेरा वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आणि हे मी कुणाला दाखवणार? “ही पिल्लं खरी आणि ही खोटी, कारण आमच्या बाई असं म्हणाल्या.” पुरावा हवा. विमलबाईंचा जबाब हवा, लेखी, सहीसकट. कोणत्या दिवशी कुठल्या पेटीत काय घातलं, सगळं.

तो जबाब दिला की माझी खोली राहते आणि त्यांची नोकरी जाते. कायम होणाऱ्यांची यादी पंधरा डिसेंबरला निघते. डायरेक्टरसाहेबांपुढची माझी परीक्षा बाराला.

सुभाषला सांगितलं. तो म्हणाला, “तू काय करणार?” म्हटलं, काय करणार म्हणजे? विज्ञान आहे हे. त्यानं पेपर पुढे ओढला. मला त्याचाही राग आला.

१० डिसेंबर, बुधवार

जबाब टाइप करून नेला, तीन पानं. बाई पेट्यांत तूस घालत होत्या. हात पुसले, पदर खोचला, कागद टेबलावर सरळ केला.

“कुटं करू सही?”

“आधी ऐका तरी काय आहे.”

“आजवर कवा ऐकवलाव? दाकवा कुटं.”

पेन हातात घेऊन उभ्या होत्या. तुसाचे कण मनगटाला चिकटलेले. मी बोट ठेवायला गेले आणि ठेवलं नाही. कागद पिशवीत घातले. म्हटलं, एक तारीख चुकली आहे, उद्या बघू.

तारीख चुकलेली नव्हती. मी असं का केलं ते मला अजून नीट कळत नाही. दया वगैरे काही नाही. नवीन बाई येईल, तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल, तो त्रास कोणी घ्यायचा? एवढंच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

डायरेक्टरसाहेब, बाहेरचे दोन तज्ज्ञ, आणि कोपऱ्यात सबनीस. मी उभी राहिले आणि सांगितलं, जुलैपासूनच्या पिल्लांची वंशावळ भरवशाची नाही. दावा मागे घेते.

“कुणाची चूक?” साहेबांनी विचारलं.

विमलबाईंचं नाव जिभेवर होतं. खरंच होतं, लपवत नाही. म्हटलं, “माझी. नव्या बाळंतिणींच्या पेट्या मी रोज उघडत होते, त्यात पिल्लं मरत होती. आणि पेट्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारीही माझीच होती.”

“पण काळी पिल्लं आली कशी?”

“पेट्यांची अदलाबदल माझ्या देखरेखीत झाली. डॉक्टर सबनीसांचा त्यात काही संबंध नाही. तक्रार मागे घेते.”

एक तज्ज्ञ म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, “मग तो बावीस तासांचा उंदीर खरा आहे की नाही?” म्हटलं, खरा आहे. तो म्हणाला, “सिद्ध करता येईल?” म्हटलं, आज नाही.

खोली सबनीसला मिळाली. बाहेर आल्यावर मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, माझं चुकलं. त्यानं खिशातून पेन काढलं.

“तोंडी नको, मॅडम. लेखी द्या. तीन प्रतींत. आणि शनिवारपर्यंत खोली रिकामी.”

उद्याच शनिवार. तीन प्रती टाइप करून दिल्या. त्याच्या जागी मी असते तर चार मागितल्या असत्या.

१३ डिसेंबर, शनिवार

सात उंदीर, पांढऱ्या जोडीची पाच पिल्लं आणि म्हातारी पंधरा नंबर साध्या खोलीत आणली. खिडकीचा उजेड लागला की त्यांचं घड्याळ गप चोवीस तासांवर येतं. चार दिवसांत कुणाला ओळखू येणार नाहीत. वंश तेवढा जगवायचा आणि कधी अंधार मिळाला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मी एकोणचाळीस वर्षांची आहे.

पेट्या उचलायला विमलबाई होत्या.

५ जानेवारी १९९८, सोमवार

यादी तीन आठवडे उशिरा लागली. विमलबाई कायम झाल्या. सकाळी व्हरांड्यात पेढे वाटत होत्या, मलाही दिला. नवी हिरवी साडी. मी अभिनंदन म्हटलं. वाटलं होतं की आता ही बाई मला काही बोलेल. काय बोलेल ते ठरवलं नव्हतं, पण मी तयारीत होते. खोटं कशाला लिहू, आभाराची वाट पाहत होते.

अकराच्या सुमारास त्या टेबलापाशी आल्या. हातात कागद. कारकुनाकडून लिहून घेतलेला अर्ज, बदलीचा. बागकाम विभाग, बाहेरच्या आवारात. ‘वरिष्ठांची शिफारस’ या जागी माझी सही हवी.

“बाग? ऊन लागेल दिवसभर. इथे पंखा आहे, सावली आहे.”

“हाय.”

“काही झालं का? मी तर त्या दिवशी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही.”

“म्हाईत हाय मना. शिपायानं सांगतला.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “तुमचा उपकार हाय, मॅडम. पन सात वर्सं सकाली गेट दिसला का पोटात गोला येतो. आता कायम जाले, तर म्हनला येकदा तरी गोला नसताना कामावर येऊन बगावा.”

राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. बासष्ट उंदीर नजरेनं ओळखणारी बाई मला या जन्मात दुसरी मिळायची नाही, हे तिला सांगावंसं वाटलं. सात वर्षांत ते एकदाही सांगितलेलं नव्हतं, आणि आज सांगितलं असतं तर ते तिला थांबवून ठेवायला सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणून दुसरंच विचारलं.

“आणि उंदरांचं काय?”

“त्यांना सांगून आयले मी.”

मी शिफारशीखाली सही केली. त्यांनी कागद उचलला, पहिल्यांदाच डोळ्यांसमोर धरला, आणि माझी सही नीट बघून घेतली.